मालमोटारीच्या गिअरबॉक्सचे तेल : ते केव्हा बदलावे?

मालमोटारीचा धंदा असलेल्या घरात इंजिनाच्या तेलाविषयी कोणास सांगावे लागत नाही. ते काळे पडते, कमी होते, आणि ठरलेले किलोमीटर भरले की फिटर स्वतःच आठवण देतो. गिअरबॉक्सच्या तेलाचे तसे नाही. "हे तेल शेवटी कधी बदलले?" असे विचारले की मालक चालकाकडे पाहतो, चालक फिटरकडे पाहतो, आणि फिटर म्हणतो, "त्या तेलाला काय होतंय मालक? ते कुठं जळतंय?" आपल्या मंडळींत ट्रकवर चूल पेटणारी घरे पुष्कळ आहेत. कित्येकांची गाडी एकच, आणि तीही कर्जाची. त्यांच्यासाठी, आणि ज्यांचा मुलगा, भाऊ किंवा पती गाडीवर आहे अशा भगिनींसाठीही, हा लेख लिहिला आहे.

फिटरचे म्हणणे अर्धे खरे आहे. इंजिनाच्या तेलात डिझेलची काजळी व जळणातून निघणारी आम्ले मिसळतात, म्हणून ते लवकर बाद होते. गिअरबॉक्स ही बंद पेटी. तिच्यात जळण नाही, धूर नाही. त्यामुळे तिचे तेल पुष्कळ काळ टिकते. परंतु पुष्कळ काळ टिकते म्हणजे कायमचे टिकते, असा अर्थ आम्हीही काढला होता. त्याचे फळ कसे मिळाले ते आधी सांगतो.

२००६ च्या श्रावणात आमची गाडी बेळगावहून बटाटे व कोबी भरून आंबोली घाटाने सावंतवाडीकडे उतरत होती. चालकाने माथ्यावरच रिवाजाप्रमाणे दुसरा गिअर टाकला होता. दोन वळणे उतरल्यावर दांडा आपोआप सुटून न्यूट्रलमध्ये आला. तो पुन्हा टाकू गेला तर गिअर घेईना, नुसती करकर. गाडी भरलेली, रस्ता ओला, समोर धुके. चालक जुना व शांत डोक्याचा होता. त्याने ब्रेकवर ब्रेक न मारता गाडी डोंगराच्या बाजूस घेतली, डावी चाके गटारीत उतरवली आणि कडेला घासत ती थांबवली. किन्नराने उडी मारून चाकांना दगड लावले. दोघेही सुखरूप राहिले. दुसऱ्या बाजूस काय होते हे आंबोली पाहिलेल्या माणसास सांगायला नको.

गिअरबॉक्स उघडला तेव्हा ज्या पेटीत साडेसहा लिटर तेल असावयाचे, तीतून जेमतेम साडेतीन लिटर निघाले. तेही काकवीसारखे दाट व जळका वास येणारे. खालच्या शाफ्टच्या एका बेअरिंगची जाळी तुटली होती. गिअर एकमेकांत बिनआवाज बसावेत म्हणून जी पितळी कडी असतात, ती झिजून गुळगुळीत झाली होती. गाडी बारा दिवस उभी राहिली. बेचाळीस हजार रुपये खर्च आला, आणि त्याच महिन्यात कर्जाचा हप्ता होता. आमच्या थोरल्या वहिनी गाडीचा हिशेब लिहीत. त्यांच्या वहीत प्रत्येक टायर, प्रत्येक बॅटरी, स्प्रिंगचा प्रत्येक पट्टा होता. गिअर ऑइलची नोंद तीन वर्षांत एकही नव्हती. त्यात त्यांचा दोष नव्हता. विचारण्याचे काम माझे होते आणि मी ते केले नव्हते.

आता तेल बिघडते कसे ते पाहू. डिझेल इंजिनाचा जोर कमी फेऱ्यांवर फार असतो आणि तो सगळा गिअरच्या चार-दोन दातांवरून मागे जातो. दातांमध्ये तेलाचा जो पापुद्रा राहतो, तेवढाच लोखंड आणि लोखंड यांच्यामधला आडपडदा. उष्णतेने तेलाचा हवेशी संयोग होऊन ते दाट व आंबट होत जाते. ढोबळ नियम असा की, तेलाची उष्णता नेहमीपेक्षा दहा अंश वाढली की त्याचे आयुष्य निम्मे होते. घाटात भरलेली गाडी खालच्या गिअरवर तासभर चढते, तेव्हा ते दहा अंश सहज वाढतात. शिवाय दातांची झीज बारीक भुकटी होऊन तेलातच राहते, आणि तेलात मिसळलेली संरक्षक द्रव्ये हळूहळू खर्च होतात.

पाण्याची गोष्ट वेगळीच आहे, आणि कोकण-गोव्याकडे जाणाऱ्या गाडीस ती विशेष लागू. गिअरबॉक्सच्या माथ्यावर हवा जाण्यायेण्यास एक लहानसा ब्रीदर असतो. तापलेली पेटी ओढ्याच्या थंड पाण्यात शिरली की आतली हवा आकसते आणि पेटी बाहेरचे पाणी ओढून घेते. याच ब्रीदरमध्ये चिखल बसून तो बुजला, तर तापलेल्या हवेस वाट राहत नाही. ती ऑइल सीलवर दाब देते आणि सील गळू लागते. आमच्या गाडीचे नेमके हेच झाले होते. बोटभर नळीतील चिखलापायी तीन लिटर तेल रस्त्यावर सांडले. कमी झालेले तेल मधूनमधून भरलेही जात होते, पण ते मागच्या डिफरन्शियलसाठी आणलेल्या डब्यातून.

हा गोंधळ आजही सर्रास होतो, म्हणून थोडे थांबून सांगतो. डब्यावर दोन निरनिराळे आकडे असतात. ९०, १४० किंवा ८० डब्ल्यू-९० हा आकडा दाटपणाचा. (तो इंजिनाच्या तेलाच्या मापाने वाचू नये. गिअर ऑइलचे ९० हे दाटपणात इंजिनाच्या ४० किंवा ५० नंबरच्या तेलाच्या जवळपास असते. दोहोंच्या पट्ट्या वेगळ्या.) जी.एल.-४ आणि जी.एल.-५ हा दुसरा आकडा, आणि तो तेलातील संरक्षक द्रव्याचा. डिफरन्शियलमध्ये दात एकमेकांवर घसरत फिरतात. तेथे गंधकयुक्त द्रव्य जास्त लागते, म्हणून जी.एल.-५. परंतु हेच गंधक तांबे-पितळेस खाते, आणि पितळी कडी गिअरबॉक्समध्ये असतात. पितळी कड्यांच्या गिअरबॉक्सला म्हणूनच बहुधा जी.एल.-४ सांगितलेले असते. "दोन्ही नव्वदच की!" असे म्हणून एकच डबा दोन्हीकडे ओतणे म्हणजे एकास औषध व दुसऱ्यास विष. नव्या काही पेट्यांत कडी दुसऱ्या पदार्थांची असतात आणि त्यांचे तेलही निराळे असते. यास्तव गाडीबरोबर मिळालेले पुस्तक हाच शेवटचा शब्द. आवाज येऊ लागला म्हणून १४० नंबरचे दाट तेल भरणारेही आहेत. त्याने आवाज दबतो, झीज दबत नाही. आणि थंडीच्या पहाटे ते तेल बेअरिंगपर्यंत पोहोचण्यास वेळ लावते.

तर किती किलोमीटरला बदलावे? पुस्तकातील आकडा प्रथम पाहावा. आधुनिक सिंथेटिक तेलाच्या नव्या गाड्यांस तो लाखाच्या पुढे असतो, आणि तेथे उगाच घाई करण्याचे कारण नाही. परंतु तोच आकडा सपाट रस्त्यावर, नेमक्या भारात चालणाऱ्या गाडीसाठी आहे हे ध्यानात ठेवावे. घाट, खडी, धूळ, ऊस व वाळूची वाहतूक अशा कामासाठी पुस्तकातच बहुधा बारीक अक्षरांत वेगळा, लहान आकडा दिलेला असतो, तोच आपला. साध्या खनिज तेलाच्या जुन्या गाडीस मी सपाटीवर चाळीस हजार आणि घाटात पंचवीस हजार धरतो. तेवढे किलोमीटर झाले नाहीत तरी पावसाळा संपल्यावर एकदा बदलतोच. खंडेनवमीला गाडीची पूजा होते. त्याआधीच्या आठवड्यात तेल उतरवले की विसर पडत नाही. पेटी नवी किंवा नुकती दुरुस्त केलेली असेल तर पहिले तेल लवकर काढावे, कारण नवे दात एकमेकांत बसताना भुकटी जास्त सोडतात. दुरुस्तीनंतर मी पाच हजारांवर काढतो. आणि तेल चहासारखे दुधाळ दिसले, म्हणजे पाणी शिरले. मग किलोमीटर मोजू नयेत, त्याच दिवशी काढावे.

सात लिटर तेलास आज दोन-अडीच हजार रुपये पडतात. बेचाळीस हजारांशी त्याची तुलना वाचकांनीच करावी.

बदलताना मालकाने किंवा घरातील कोणीतरी जातीने हजर राहावे. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणावी, म्हणजे गरम तेलाबरोबर गाळही निघतो. अंगावर मात्र उडू देऊ नये. जागा सपाट हवी. प्रथम वरचा, भरण्याचा बोल्ट सुटतो की नाही ते पाहावे आणि मगच खालचा काढावा. वरचा गंजून अडकला असेल आणि खालून तेल सोडून दिले, तर गाडी जागच्या जागी रिकामी बसते. खालच्या बोल्टला बहुधा चुंबक असते. त्यावर करडा, लोण्यासारखा मऊ थर असेल तर ती नेहमीची झीज. कपच्या किंवा दाताचा तुकडा निघाला तर बोल्ट परत लावण्यापूर्वी पेटी उघडण्याचा विचार करावा. रॉकेलने पेटी धुण्याची चाल आहे. ती मला पसंत नाही, कारण कोपऱ्यांत उरलेले रॉकेल नवे तेल पातळ करते. वॉशर नवा घालावा, ब्रीदर साफ करावा, आणि तेल भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेस टेकेपर्यंतच भरावे. जास्त भरल्यास ते फेसाळते व सील फोडून बाहेर येते. काढलेले तेल गटारीत वा विहिरीजवळ ओतू नये. कायद्याने तो घातक कचरा आहे, आणि परवानाधारक ते विकत घेतात.

आणखी एक सवय याच विषयात येते. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करून, कित्येकदा इंजिनही बंद करून गाडी सोडतात. गिअरबॉक्समध्ये तेलाचा पंप बहुधा नसतो. तेलात बुडालेला खालचा शाफ्ट फिरतो आणि तेल वर उडवतो. तो फिरवते इंजिन. इंजिन बंद व गाडी न्यूट्रलमध्ये धावत असली की वरचा शाफ्ट चाकांबरोबर वेगाने फिरतो, खालचा स्वस्थ बसतो, आणि वरच्या बेअरिंगांना थेंबही मिळत नाही. ब्रेकच्या हवेचे काय होते ते निराळेच. बंद पडलेली गाडी लांब ओढून न्यावयाची असेल तेव्हाही हीच अडचण, म्हणून आधी मागचा जॉइंट सोडवावा. तेल कालच बदललेले असले तरी येथे त्याचा उपयोग नाही.

वहिनींच्या वहीत २००६ पासून एक नवा रकाना आहे : तारीख, किलोमीटर, डब्यावरचे दोन्ही आकडे, किती लिटर निघाले आणि किती भरले. निघालेले व भरलेले यांत अर्ध्या लिटरपेक्षा जास्त फरक दिसला, की वहिनी स्वयंपाकघरातूनच विचारतात, "सील कुठलं गळतंय?"