घरांतील इंटरनेट कां तुटतें ?



१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें आपल्या देशांत इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें केलें. आज रत्नागिरींत अनेक घरीं तें केबलवाटे येतें. परंतु मृग लागला, कीं जिकडे तिकडे एकच तक्रार ऐकूं येते, "नेट गेलें !" अशा वेळीं दोष कसा शोधावा, हें आज पाहूं.

प्रथम केबलची रचना ध्यानांत घ्यावी. मध्यें तांब्याची तार, तिच्याभोंवतीं विद्युद्रोधक थर, त्यावर धातूचें वेष्टन व जाळी, आणि सर्वांत बाहेर प्लास्टिकचें आवरण असतें. या रचनेचें पेटंट ऑलिव्हर हेविसाइड यानें इंग्लंडांत १८८० सालीं घेतलें. संदेश मधली तार व जाळी यांच्या दरम्यान वाहतो. तेथें पाणी शिरलें, तर तो क्षीण होतो व त्याचा कांहीं अंश उलट परततो. आपल्या किनाऱ्यावर हवा खारी आणि पाऊस मुसळधार. मग तारेच्या जोडांवरील धातु गंजावयास काय उशीर?

दोन वर्षांपूर्वीं आमच्या घरीं हाच प्रसंग आला. मुलीचा संध्याकाळचा गणिताचा तास रोज मध्येंच तुटे. मी केबलवाल्यास दोष देई. नव्या मोडेमसाठीं पैसेही काढून ठेविले होते. तेव्हां मुलगी म्हणाली, "बाबा, प्रयोगांत एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, असें तुम्हीच सांगतां ना ?" मी खजील झालों, आणि आम्हीं वही उघडली.

आधीं शेजारीं विचारलें. त्यांचें नेट चालू होतें. म्हणजे बिघाड वाडीचा नसून आमच्यापुरताच होता.

नंतर संगणक मोडेमला तारेनें जोडला. जांभ्याच्या जाड भिंती वायफायचा जोर कमी करितात, म्हणून ही कसोटी आवश्यक होती. तरीही खंड पडलाच. अर्थात् दोष वायफायचा नव्हता.

मग मोडेमचे दिवे पाहिले. विजेचा दिवा स्थिर होता. केबलच्या संदेशाचा दिवा मात्र लुकलुकत होता.

पुढें टीव्हीसाठीं लावलेला स्प्लिटर काढून केबल सरळ मोडेमला जोडली. दोन वाटांचा स्प्लिटर प्रत्येक वाटेस निम्म्याहून कमीच शक्ति देतो. थोडी सुधारणा झाली, पण दोष गेला नाहीं.

अखेरीस प्रत्येक खंडाची वेळ व हवामान लिहूं लागलों. आठ दिवसांत वहीच बोलूं लागली. मोठी सर येऊन गेली, कीं थोड्याच वेळांत खंड. ऊन पडलें, कीं सर्व सुरळीत.

ती वही केबलवाल्या दादांस दाखविली. पूर्वीं ते तीनदां येऊन "येथें सर्व ठीक आहे" असें सांगून गेले होते, आणि तें खोटेंही नव्हतें. कारण ते येत ते उघडीप असतांना. या वेळीं ते थेट पागोळ्यांखालच्या जोडाकडे गेले. जोड उघडतांच आंतून पाणी ठिबकलें. तांबें हिरवें पडलें होतें. त्यांनीं खराब भाग कापून नवें टोंक बसविलें, वर जलरोधक पट्टी गुंडाळली, आणि तार घरांत शिरते तेथें तिला खालीं झोळ दिला. आतां पाणी झोळाच्या तळाशींच गळून पडतें. नवा मोडेम घ्यावाच लागला नाहीं.

कांहीं सूचना पाळाव्या. खांबावर कोणीं चढूं नये. विजा चमकूं लागण्याआधींच मोडेमची वीज व केबल दोन्ही सोडवावीं. कित्येक घरीं आतां फायबर आहे. त्यांतील कांचतंतु गंजत नाहीं, परंतु मुडपल्यास मोडतो. त्याच्या उघड्या टोंकांत कधींही डोकावूं नये. आणि ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळांत दापोली-मंडणगडाकडे खांबच कोसळले, तशा वेळीं धीर धरणें हाच उपाय.

मुलांनो, दोष देणें सोपें, दोष शोधणें कष्टाचें; परंतु बिघाड दुरुस्त होतो तो शोधल्यानेंच. येत्या पावसाळ्यांत आपल्या घरीं अशी एक वही अवश्य ठेवावी.