कॅन उलटा करून वाच

सांगली,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

फराळाचं पार्सल काल पाठवलं. चकल्या फुटू नयेत म्हणून वेगळ्या डब्यात भरल्यात. परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, मी कोला सोडला. आता फक्त पोटाला चांगला असलेला सोडा पिते, दिवसाला तीन-चार कॅन." तेवढ्यात तुझी बस आली आणि बोलणं तिथंच राहिलं. त्या तीन-चार कॅननी मला स्वस्थ बसू दिलं नाही, म्हणून हे पत्र.

कोला सोडलास याचा मला फार आनंद झाला. आजीला साखर होती, तुझ्या आईला पंचेचाळिशीतच निघाली. कोलाच्या ३५५ मिलीच्या कॅनमध्ये ३९ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे जवळजवळ दहा चमचे. वरून घातलेली साखर जमल्यास दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपासच ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एक कॅन प्यायला की ती हद्द मागे पडते. तेव्हा ते सोडलंस ते उत्तम केलंस.

आता नव्या कॅनचं. मे महिन्यात मी ऑस्टिनला तुझ्याकडे होते, तेव्हा दुकानात तू भाजी घेत होतीस आणि मी त्या रंगीत कॅनच्या फळीसमोर चष्मा लावून उभी होते. समोर मोठ्या अक्षरांत काय लिहिलंय ते सोडून मी एकेक कॅन उलटा करून मागचं बारीक वाचलं. पस्तीस वर्षं आहारशास्त्र शिकवलं, ती सवय जात नाही. ऑलिपॉपमध्ये साखर दोन ते पाच ग्रॅम आणि तंतू सहा ते नऊ ग्रॅम. पॉपी, ती तर तुझ्याच गावची कंपनी, तिच्यात साखर पाच ग्रॅमच्या आत, पण तंतू दोनच ग्रॅम, शिवाय थोडं सफरचंदाचं व्हिनेगर. कोका-कोलाने याच वर्षी काढलेल्या सिंपली पॉपमध्ये सहा ग्रॅम तंतू, वरून घातलेली साखर नाही, पण फळांचा रस आहे, आणि रसाची साखर ही साखरच. पॉपी आता पेप्सिकोने विकत घेतली आहे, १९५ कोटी डॉलरला. म्हणजे ज्यांचा कोला तू सोडलास, त्यांच्याच घरात परत आलीस. त्यात वाईट काही नाही, पण माहीत असावं.

साखरेचा हिशेब बघितला तर हे सगळे कॅन कोलापेक्षा निःसंशय चांगले. माझं म्हणणं पुढं आहे. कॅनवर जे आतड्याचं नाव घेतात, ते कशाच्या बळावर? त्यातल्या तंतूंच्या. बहुतेकांत इन्युलिन असतं, चिकोरीच्या मुळातून किंवा अगेव्हमधून काढलेलं. ते आपल्याला पचत नाही. लहान आतड्यातून जसंच्या तसं मोठ्या आतड्यात जातं आणि तिथले जिवाणू ते आंबवून खातात. त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात, आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यांच्यावर जगतात. जिवाणूंच्या या खाण्याला प्रीबायोटिक म्हणतात. प्रोबायोटिक म्हणजे खुद्द जिवंत जिवाणू. कल्चर पॉपसारख्या पेयात ते घातलेले असतात, कोंबुचात चहा आंबवतानाच वाढतात. तू दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतेस. कृपा करून वापरू नकोस.

इन्युलिन खोटं नाही, पण दोन ग्रॅमने काय होणार? २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात पॉपीवर याच मुद्द्यावर दावा झाला: एवढ्याशा तंतूंनी आतड्याचं भलं होत नाही, आणि होईल इतके कॅन प्यायले तर साखरच जास्त जाईल. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण ८९ लाख डॉलरची तडजोड केली. तुझ्या वयाच्या बाईला दिवसाला २५ ग्रॅम तंतू हवेत. कपभर शिजवलेल्या मसुरात ते पंधरा ग्रॅमच्या आसपास मिळतात, सोबत प्रथिनं आणि लोहसुद्धा. एका कॅनचे तू अडीच डॉलर मोजतेस, तेवढ्यात मसुराचं पाकीट येतं आणि आठवडाभर पुरतं. आणि मसूर, ज्वारी, गवार, केळं यांतले तंतू एका जातीचे नसतात. जिवाणूंच्या जातीही अनेक, प्रत्येकीचं खाणं वेगळं. एकाच मुळाचा अर्क रोज ओतला तर थोड्यांचंच पोट भरेल.

आता खास तुझं. लहानपणी कांदा-लसूण घातलेलं पिठलं खाल्लं की तुझं पोट ढोलासारखं व्हायचं, रात्री मी हिंग पाण्यात कालवून तुझ्या बेंबीभोवती लावायचे, आठवतं? कांद्या-लसणात जी साखरेची लांब साखळी असते, ती फ्रुक्टान, आणि इन्युलिन हे त्याच कुळातलं. तुझं पोट फुगतं म्हणून तू कांदा टाळतेस आणि तीच वस्तू कॅनमधून दिवसात चारदा घेतेस. गेले दोन महिने संध्याकाळी पोट तडस लागल्यासारखं होतं असं म्हणतेस, तर आधी आठवडाभर हे कॅन पूर्ण बंद करून बघ. फरक पडला नाही, तर डॉक्टरांकडे जा, अंगावर काढू नकोस.

दातांचंही सांगते. बिनसाखरेचा झाला तरी सोडा आंबटच असतो, आणि पीएच साडेपाचच्या खाली गेला की दाताचं कवच विरघळायला लागतं. अभ्यास करताना तू एक कॅन तीन तास घोट-घोट घेतेस, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. जेवणाबरोबर घे, संपव, आणि पाण्याने चूळ भर.

या कॅनमध्ये गोडवा बहुधा स्टीव्हियाचा असतो. वजन आटोक्यात ठेवायला असे गोडवे वापरू नयेत, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिला, त्यात स्टीव्हियाही आला. मला मोठी काळजी सवयीची वाटते. जीभ गोडाला चटावलेली राहिली, तर परीक्षेच्या रात्री कॅन संपलेले असतील आणि कोपऱ्यावरच्या मशीनमध्ये कोलाच असेल.

मग प्यायचं काय? तहानेला पाणी. चवीला ताक. तिथं मिळणाऱ्या साध्या दह्याच्या डब्यावर जिवंत कल्चर असल्याचं लिहिलेलं असतं, ते बघून घे. आज सकाळी मी ताक केलं तेव्हा खिडकीतून ऊन येत होतं, रवीच्या पाकळ्यांना लोण्याचे पिवळसर कण चिकटायला लागले होते आणि तुझी आठवण आली, कारण ते बोटाने निपटून खायला तू ओट्याशी उभी असायचीस. तुला रवी नको. चार चमचे दही, दोन पेले पाणी, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, झाकणाच्या बाटलीत घालून हलव. दहा मिनिटंही लागत नाहीत. ताकातल्या प्रत्येक जिवाणूचा औषधी गुण सिद्ध झालाय असं मी म्हणत नाही. पण त्यात जिवंत जिवाणू आहेत, कॅल्शियम आहे, साखर घातलेली नाही, आणि तुझ्या पोटाला ते लहानपणापासून मानवलंय.

कॅन कायमचा टाक असं मी सांगत नाही. मित्रमैत्रिणींबरोबर पिझ्झा खायला गेलीस आणि सगळ्यांच्या हातात कोला असेल, तेव्हा तू हा खुशाल घे. तिथं तो कोलाची जागा घेतो, म्हणून तो चांगला. तुझ्या खोलीत मात्र तो पाण्याची, ताकाची आणि दुपारच्या उसळीची जागा घेतोय, तिथं तो तोट्याचा. आठवड्याला दोन पुरेत.

शनिवारी फोन करशील तेव्हा फ्रिजचं दार उघडून बस. प्रत्येक कॅन उलटा कर आणि साखर किती, तंतू किती, कशाचे, ते मला वाचून दाखव. आणि पोट कसं आहे ते खरं सांग.

तुझी,
मावशी