कलमाचा विस्तार

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यात हेदवी हे समुद्रकाठचे गाव आहे. दशभुज लक्ष्मीगणेशाचे मंदिर आणि किनाऱ्यावरची 'बामणघळ' यांमुळे त्याचे नाव दूरवर पोचले आहे. भरतीच्या वेळी या अरुंद घळीत शिरलेले पाणी खडकावर आदळून उंच उसळते. तो देखावा पाहण्यासाठी दूरदूरचे प्रवासी येतात. परंतु या गावात पाहण्याजोगी आणखी एक गोष्ट आहे. ती म्हणजे तेथील झाडे. सखल भागात नारळीपोफळीची आगरे, चढणीवर आंब्याची व काजूची कलमे, कुंपणाच्या कडेला रातांब्याचे झाड, आणि एखाद्या बांधावर पिढ्यान्‌पिढ्या उभा असलेला रायवळ आंबा. ही सर्व झाडे एकाच पावसावर वाढतात. पण ती लावण्याची रीत एक नाही. त्यांपैकी कलम बांधण्याची रीत प्रथम आंब्यावर स्थिरावली, तेथून ती काजूकडे गेली, रातांब्याकडे गेली आणि नारळाच्या आगरापाशी मात्र थांबली. एखादी रूढ रीत नव्या क्षेत्रात कशी जाते, हे या झाडांवरून चांगले समजते.

आंब्याची कोय जमिनीत रुजवली, तर झाड उगवते. परंतु ते आपल्या आईसारखेच फळ देईल अशी शाश्वती नसते. हापूसच्या कोयीचे झाड आंबट फळांचे निघू शकते, आणि ही गोष्ट कळेपर्यंत आठदहा वर्षे निघून जातात. माणसाच्या आयुष्यात आठदहा वर्षे काही थोडी नव्हेत. कलमामुळे ही अडचण दूर होते. रायवळ कोयीपासून वाढवलेल्या रोपाला चांगल्या झाडाची काडी जोडली, की मुळे रायवळाची राहतात आणि फळ मात्र काडीच्या झाडाचे येते. शिवाय ते चारपाच वर्षांतच येऊ लागते. खालच्या रोपाला 'खुंट' म्हणतात. खुंट आणि काडी यांच्या सालींखालचे जिवंत थर एकमेकांस चिकटून राहिले, म्हणजे ते एकजीव होतात. कलमाचे सारे मर्म एवढेच आहे.

ही कल्पना भारताला अगदीच अपरिचित नव्हती. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिता' या ग्रंथात वृक्षायुर्वेदावर एक अध्याय आहे, व त्यात एका झाडाची फांदी दुसऱ्या झाडावर रोवण्याचा उल्लेख आढळतो. तथापि आंब्याच्या कलमांना पश्चिम किनाऱ्यावर खरी चालना मिळाली, ती गोव्यात. १५१० साली पोर्तुगिजांनी गोवा जिंकून घेतला. त्यानंतर तेथील ख्रिस्ती धर्मगुरूंनी युरोपातील फळबागांत रूढ असलेली कलमाची रीत आंब्यावर वापरली. निवडक झाडांची कलमे होऊ लागली आणि त्या आंब्यांना पोर्तुगीज नावे मिळाली. त्यांतलेच 'अफोन्सो' हे नाव मराठी माणसाच्या जिभेवर 'हापूस' झाले. पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्क याच्यावरून ते नाव पडले, असे सांगतात. पुढे ही कलमे गोव्यातून उत्तरेकडे कोकणात आली आणि येथील जांभ्या दगडाच्या जमिनीत व खाऱ्या वाऱ्यात उत्तम रुजली.

म्हणजे पहिला विस्तार आधीच होऊन गेला होता. युरोपातील सफरचंद व नासपती यांची रीत गोव्यातील आंब्याला लागू पडली होती. झाड बदलले, हवामान बदलले, परंतु दोन जिवंत थर जुळवण्याचे तत्त्व तेच राहिले.

जुन्या काळी कोकणात 'भेट कलम' करीत. हापूसच्या झाडाभोवती मांडव घालावयाचा, त्यावर रायवळ रोपांच्या कुंड्या चढवावयाच्या, रोप व फांदी यांची साल थोडी तासून दोन्ही जखमा एकमेकींशी भिडवावयाच्या आणि सुतळीने घट्ट बांधावयाच्या. दोनतीन महिने कुंड्यांना नियमाने पाणी घालावे लागे. सांधा जुळला, की फांदी मूळ झाडापासून तोडून कलम खाली उतरवीत. ही रीत खात्रीची होती. पण ती महाग व कष्टाची होती. एका झाडापाशी जेवढ्या फांद्या हाताशी येतील, तेवढीच कलमे व्हावयाची. त्यामुळे ज्याच्याजवळ पैसा व मनुष्यबळ, त्याचीच बाग होई. गरीब शेतकऱ्याच्या वरकस जमिनीपर्यंत कलम सहसा पोचत नसे.

पुढे 'कोय कलमा'ची पद्धत आली. पावसाळ्यात कोयी रुजत घालतात. तांबूस पानांचे कोवळे रोप पंधरवड्याचे झाले, की त्याचा शेंडा छाटून दांड्याला उभी चीर देतात. हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधून टाकतात. आता रोपाला झाडाकडे न्यावे लागत नाही. झाडाची काडीच रोपाकडे येते. एवढ्या एका बदलाने मांडव गेला, कुंड्या गेल्या आणि एका झाडाच्या काड्यांवर पुष्कळ कलमे होऊ लागली. दापोली येथे १९७२ साली स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने या पद्धतीचा प्रसार केला. १९९० साली महाराष्ट्र शासनाने रोजगार हमी योजनेतून फळबागा लावण्यास साहाय्य देण्याचे ठरवले, तेव्हा ही स्वस्त कलमे कोकणच्या कातळावर चढली. ती योजना मुळात रस्ते, पाझर तलाव अशा सार्वजनिक कामांतून मजुरांना रोजगार देण्यासाठी होती; ती आता लहान शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतातील झाडांपर्यंत आली. हाही एका रूढ व्यवस्थेचा नव्या क्षेत्रातील विस्तारच होता.

काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे. तेही पोर्तुगिजांनीच आपल्याकडे आणले. काजू कितीतरी वर्षे बी टाकूनच लावीत. एक झाड भरघोस धरे, तर शेजारचे नावापुरते. आंब्यावर हात बसलेल्या कलमकाराला साहजिकच वाटले, की जी युक्ती आंब्याला साधली ती काजूला का साधू नये? पिशवीत वाढवलेल्या काजूच्या कोवळ्या रोपावर, त्याचे खोड मऊ असतानाच, निवडक झाडाची काडी बांधण्याची पद्धत बसवण्यात आली. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात निवडलेल्या व तयार केलेल्या 'वेंगुर्ला' मालिकेतील जाती अशा कलमांतूनच गावोगाव गेल्या. त्यांतील 'वेंगुर्ला ४' ही जात १९८१ साली आणि 'वेंगुर्ला ७' ही १९९७ साली प्रसारित झाली.

रातांब्यापाशी मात्र ही रीत नुसती उचलून चालली नाही. तेथे तिला नवे काही शिकावे लागले. रातांब्यात नर व मादी झाडे वेगवेगळी असतात. बियांपासून वाढवलेल्या झाडांपैकी जवळजवळ निम्मी नर निघतात, आणि ती फळ देत नाहीत. सातआठ वर्षे झाड वाढवावे आणि शेवटी ते नर निघावे, ही केवढी निराशा! फळ देणाऱ्या झाडाची काडी बांधली, की हा प्रश्न मिटतो. परंतु एक नवीच गोष्ट दिसून आली. आडव्या वाढणाऱ्या फांदीची काडी बांधली, तर कलम जगते खरे. पण ते मोठे होतानाही आडवेच पसरत राहते. झाड सरळ हवे असेल, तर काडीही सरळ वर जाणाऱ्या फांदीची निवडावी लागते. आंब्याच्या बागेत हा नियम कोणास शिकावा लागला नव्हता. जायफळाचीही गोष्ट अशीच आहे. शिवाय जायफळाच्या बागेत परागासाठी थोडी नर झाडे मुद्दाम राखावी लागतात. सर्वच झाडे मादी केली, तर फळधारणेला परागच मिळणार नाही.

केवळ क्षेत्रच नव्हे, तर रीतीचा हेतूही कधी कधी बदलतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील द्राक्षवेलींची मुळे एका सूक्ष्म किडीने पोखरून काढली आणि मळेच्या मळे ओसाड पडले. तेव्हा त्या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी वेलींच्या मुळांवर फ्रेंच वेलींची काडी बांधण्यात आली, आणि द्राक्षमळे वाचले. आज नाशिक व सांगलीकडील द्राक्षबागाईतदारही खारवट जमिनीत व अपुऱ्या पाण्यात तग धरणाऱ्या 'डॉगरिज' खुंटावर आपले वेल चढवतात. फळ चांगले यावे म्हणून सुरू झालेली रीत मूळ बळकट व्हावे म्हणून उपयोगी पडली.

मग नारळाचे कलम का करीत नाहीत? आंब्याच्या खोडात सालीखाली वाढणाऱ्या जिवंत थराचे सलग कडे असते. माडाच्या व पोफळीच्या खोडात असे कडे नसते. रस वाहून नेणाऱ्या वाहिन्या सबंध खोडात विखुरलेल्या असतात. जुळवायला थरच नाही, तेथे सांधा कसा जुळणार? म्हणून आगरातला माणूस आजही दरवर्षी भरपूर धरणारा, निरोगी माड हेरतो आणि त्याचाच नारळ रुजत घालतो. ही रीत कलमाहून जुनी आहे, परंतु तेथे तीच योग्य आहे. आगराच्या सीमेवर कलमाची विद्या थांबते, यात तिचा कमीपणा नाही. आपली सीमा ओळखणे हेही ज्ञानच होय.

या विस्ताराची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कलमाने झालेली सारी झाडे एकमेकांची प्रतिकृती असतात. हापूसचा गोडवा जसा प्रत्येक कलमात उतरतो, तसा त्याचा दोषही उतरतो. वरून सुरेख दिसणाऱ्या फळाच्या आत पांढरट, आंबट 'साका' निघणे हा असाच एक दोष आहे. त्यावर उपाय शोधताना शास्त्रज्ञांना दक्षिणेकडील नीलम या निराळ्या आंब्याकडे वळावे लागले. नीलम व हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' ही साका नसलेली जात तयार झाली आणि १९८१ साली ती शेतकऱ्यांना मिळाली. सर्वत्र हापूसच असता, तर हा उपाय कोठून सापडला असता?

म्हणूनच बांधावरच्या रायवळ आंब्याकडे आदराने पाहिले पाहिजे. शेंदऱ्या, खोबऱ्या, बिटकी अशी घरगुती नावे मिरवणारी ही झाडे बाजारात भाव खात नाहीत. त्यांची फळे लोणच्यात, साठांत आणि कोयाड्यात जातात. लाकडासाठी त्यांच्यावर कुऱ्हाड चालते, तेव्हा फारसे कोणी हळहळत नाही. परंतु प्रत्येक हापूस कलमाच्या बुडाशी रायवळाची कोय असते. रायवळ संपला, तर उद्याच्या कलमाला खुंट कोठून आणावयाचा? नव्या रीतीने जुन्याचा आधारच तोडून टाकला, तर तिला स्वतःलाही उभे राहता येत नाही.

हेदवीच्या चढणीवरील कलम पाहताना एवढे ध्यानात ठेवावे. कोणतीही चांगली रीत नव्या क्षेत्रात नेताना तीन गोष्टी विचाराव्यात : तिचे मर्म कोणते, ते कायम राखून काय बदलावे, आणि कोठे थांबावे? आंब्याने पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले, रातांब्याने दुसऱ्याचे आणि माडाने तिसऱ्याचे. आणि ज्याच्या आधारावर हे सारे उभे आहे त्याला विसरू नये, एवढे बांधावरचा रायवळ सांगतो.

स्वाध्याय

१. भेट कलम आणि कोय कलम यांत कोणता फरक आहे? कोय कलमामुळे गरीब शेतकऱ्याचा कोणता लाभ झाला?

२. रातांब्याचे कलम करताना कोणती काळजी घ्यावी लागते? का?

३. 'आपली सीमा ओळखणे हेही ज्ञानच होय.' हे विधान नारळाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

४. 'कलम' या शब्दाचे लेखणी, जोडझाड व कायद्यातील नियम असे निरनिराळे अर्थ आहेत. प्रत्येक अर्थी एकेक वाक्य तयार करा.

५. तुमच्या परिसरातील एखाद्या जुन्या झाडाविषयी घरातील वडीलधाऱ्या मंडळींकडून माहिती मिळवा व ती दहा ओळींत लिहा.