दार उडू नये, माणूस अडकू नये

घरी विमान बांधणारा इंजिनासाठी वर्षभर चौकशी करतो, पंख्याचे पाते निवडताना दहा जणांचे सल्ले घेतो. दाराची मूठ आणि कुलूप मात्र शेवटच्या महिन्यात, हाताला जे लागेल त्यातून बसवतो. या सगळ्या सामानाचा खर्च एका चांगल्या हेडसेटएवढाही नसतो, पण ते चुकले तर नुकसान काही हजार डॉलरचे होते आणि कधी जिवावर बेतते. म्हणून पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत आणि कुठे अजिबात वाचवू नयेत, याचा हा हिशेब. आकडे अमेरिकी डॉलरमध्ये आहेत, कारण घरी बांधायच्या विमानांची मोठी बाजारपेठ तिथेच आहे आणि इतर देशांतले हौशी लोकही बरेच सामान तिथूनच मागवतात.

आधी तीन कामे वेगळी करा

दाराशी निगडित तीन वस्तू असतात. मूठ हातात येते. कडी किंवा लॅच दार चौकटीला धरून ठेवते. कुलूप परक्याला बाहेर ठेवते. कडीचे काम आकाशात असते, कुलपाचे जमिनीवर. दुकानात तिन्ही एकत्र मिळतात, म्हणून बरेच जण किल्लीचे कुलूप बसवले की दार पक्के झाले असे समजतात. तसे नसते. उडताना दार धरून ठेवण्याची जबाबदारी कुलपावर कधीही टाकू नका.

अमेरिकेत कारखान्यात बनणाऱ्या लहान विमानांसाठी 2017 च्या फेररचनेपूर्वी जो सविस्तर नियम होता, त्यात हे स्पष्ट होते. दार चुकून उघडू नये अशी सोय हवी. आतली कडी लावलेली असतानाही दार आतून आणि बाहेरून उघडता यायला हवे. उघडण्याची पद्धत साधी, अंधारातही सापडेल अशी हवी. बाहेरून लावायचे जादा कुलूप चालेल, पण आतली नेहमीची मूठ फिरवली की त्याचा अडसर उरता कामा नये. हौशी बांधणीच्या विमानाला हा नियम बंधनकारक नव्हता. तरीही आपल्या दाराची परीक्षा याच चार वाक्यांवर घ्या. एकाही ठिकाणी ते नापास झाले, तर रंगकाम थांबवा आणि आधी दार दुरुस्त करा.

आरव्ही-10 ने शिकवलेला धडा

ओरेगॉनमधल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीचे आरव्ही-10 हे चार आसनी किट-विमान 2003 मध्ये प्रथम उडाले आणि लोकप्रिय झाले. त्याची दोन्ही दारे फायबरग्लासची असून वरच्या बाजूला उघडतात. आतली मूठ फिरवली की दोन पिना सरकतात, एक पुढे आणि एक मागे, आणि चौकटीच्या छिद्रांत शिरतात. रचना सुटसुटीत आहे. अडचण अशी, की फायबरग्लासचे दार थोडे वाकते. मागचा खालचा कोपरा किंचित बाहेर राहिला, तर मूठ पूर्ण फिरते पण मागची पिन छिद्रात न जाता चौकटीच्या बाहेरून सरकते. आत बसलेल्याला दार बंद वाटते. विमान वेग घेते आणि दार निघून जाते. असे प्रसंग वारंवार घडल्यावर कंपनीने 2010 मध्ये सेवा-सूचना काढून मुख्य पिनांपासून स्वतंत्र अशी दुसरी सुरक्षा-कडी बसवायला सांगितले.

दारावर जोर किती येतो, हे मोजून पाहा. समुद्रसपाटीवर 150 नॉट वेगाला हवेचा गतिज दाब दर चौरस मीटरला सुमारे 370 किलो भरतो. केबिनच्या फुगीर बाजूवर हवा दार आत ढकलत नाही, बाहेर ओढते. त्या दाबाच्या निम्मी ओढ धरली, तरी चौरस मीटरभर दारावर दोन-तीन माणसांच्या वजनाएवढा भार येतो. वेग दुप्पट झाला की भार चौपट होतो. एकट्या कडीच्या भरवशावर हे सोडू नये.

कॅनोपीच्या, म्हणजे उघडणाऱ्या पारदर्शक छताच्या, विमानांनाही हेच लागू आहे. विमान-रचनाकार बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझी विमानाची कॅनोपी बाजूला उघडते. तिलाही मुख्य कडीखेरीज वेगळी सुरक्षा-कडी असते.

मूठ कशी निवडावी

दुकानातल्या फोटोत चकाकी दिसते, उपयोग दिसत नाही. निवडताना या गोष्टी तपासा.

- बंद स्थितीत मूठ कुठल्या दिशेला राहते? गुरुत्व आणि कंपन तिला बंदच ठेवतील, अशी दिशा हवी.
- उतरताना जाकिटाची बाही, पट्टा किंवा हेडसेटची तार तिच्यात अडकते का? आतली मूठ शक्यतो खोबणीत बसणारी घ्या.
- अनोळखी प्रवाशाला न सांगता ती उघडता येते का? बाण काढा आणि ‘उघडा’, ‘बंद’ असे ठसठशीत लिहा.
- बाहेरची मूठ पृष्ठभागाला सपाट आहे का? वारा कमी अडतो आणि दोरही अडकत नाही. पण अग्निशमन जवानाला हातमोज्यासह ती पकडता आली पाहिजे.

ॲल्युमिनियमची मूठ घरी कापून घासली तर साहित्याला नगामागे 10 ते 30 डॉलर लागतात. तयार, मशीनवर कोरलेली मूठ 50 ते 200 डॉलरपर्यंत जाते. दोन्ही सारख्याच मजबूत असू शकतात, जादा पैसे दिसण्याचे असतात.

मूठ पक्की कशी करावी

मुठी सहसा मोडत नाहीत, त्या सैल होतात. फक्त एका बारीक सेट-स्क्रूवर धरलेली मूठ काही महिन्यांच्या कंपनाने दांड्यावर फिरू लागते आणि नेमकी घाईच्या वेळी हातात येते. मूठ आणि दांडा यांतून आरपार भोक पाडून रोल पिन किंवा बोल्ट घाला. जिथे सांधा फिरतो तिथे नायलॉनचे स्वयंबंद नट पुरत नाहीत. तिथे खाचांचा कॅसल नट आणि कॉटर पिन हवी. कॉटर पिन एकदा काढली की फेकून द्या, पुन्हा वाकवून वापरू नका. सेफ्टी वायर वळताना इंचाला सहा ते आठ पीळ असावेत आणि तार स्क्रू आवळण्याच्या दिशेने ओढणारी असावी. अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाची एसी 43.13-1बी ही पुस्तिका यासाठी सर्वांत स्वस्त गुरू आहे. ती प्रशासनाच्या संकेतस्थळावर मोफत मिळते.

धाग्यांवर लावायचा डिंक खिडकीच्या ॲक्रिलिकजवळ वापरू नका. तो ॲक्रिलिकला लागला तर बारीक चिरा पडतात आणि मुठीचे दोन डॉलर वाचवताना खिडकीच बदलायची वेळ येते.

कुलूप किती भारी घ्यावे

ऑफिसच्या कपाटाला असते तेच कॅम लॉक बहुतेक हौशी विमानांत बसते. ते 10 ते 25 डॉलरला मिळते. दोन दारे आणि सामानाचा कप्पा असेल तर एकाच किल्लीने उघडणारा संच मागा. महागडे कुलूप घेण्याआधी चोर काय करतो, याचा विचार करा. त्याला हवे असतात हेडसेट, टॅबलेट आणि पॅनेलमधली उपकरणे. दार उघडले नाही तर तो स्क्रू-ड्रायव्हर घालून दार उचकटतो किंवा ॲक्रिलिक फोडतो. कॅनोपी बदलायला नुसत्या काचेचेच हजार डॉलरच्या वर जाऊ शकतात, कामाचे तास वेगळे. म्हणून कित्येक अनुभवी मालक उघड्यावर विमान ठेवताना आत काहीच ठेवत नाहीत आणि साधेच कुलूप लावतात. कुलपावर दोनशे डॉलर घालण्यापेक्षा तेच पैसे थ्रॉटल किंवा पंख्याच्या कुलपावर आणि, भर घालून, खिडक्या झाकणाऱ्या आवरणावर घाला. पंख्याचे कुलूप लांबूनही दिसते, आणि चोराला ते दिसणे महत्त्वाचे.

खर्चाचा ढोबळ तक्ता (दोन दारांसाठी)

- मुठी: 20 ते 400 डॉलर
- कॅम लॉक: 20 ते 50
- दुसरी सुरक्षा-कडी: घरी केल्यास 40 पासून, तयार घेतल्यास 300 पर्यंत
- चुंबकी स्विच, इशारा-दिवे आणि तारा: 25 ते 60
- बोल्ट, कॅसल नट, पिना, सेफ्टी वायर: 25 ते 50
- कडेची रबरी पट्टी: 30 ते 80

बेरीज 160 ते 940 डॉलर होते. डॉलरला 85 रुपये धरले तर साधारण साडेतेरा हजार ते ऐंशी हजार रुपये, वाहतूक आणि सीमाशुल्क वेगळे. ऐच्छिक गोष्टींत खिडक्यांचे आवरण 400 ते 700, थ्रॉटल किंवा पंख्याचे कुलूप 50 ते 250 आणि ॲक्रिलिक फोडायची हातोडी 15 ते 40 डॉलर. आकडे ढोबळ आहेत. मागवण्याआधी दुकानाचा आजचा भाव पाहा.

कमी बजेट असेल तर या क्रमाने खर्च करा: आधी दुसरी कडी, मग इशारा-दिवे, मग पक्के नट-बोल्ट, शेवटी देखणी मूठ. रबरी पट्टी सगळ्यांत जाड घ्यायचा मोह टाळा. जाड पट्टी दार बाहेर ढकलते आणि पिन छिद्रात जाणे अवघड होते. इशारा-दिव्याचा स्विच मुठीवर नको, पिनेच्या टोकाजवळ हवा. मूठ फिरली हे पुरेसे नाही, पिन आत पोचली हे कळले पाहिजे.

वर उघडणाऱ्या दारांच्या विमानात हातोडी मी ऐच्छिक मानत नाही. विमान पालथे झाले तर ती दारे जमिनीत अडकतात. पण आधी खिडकी ॲक्रिलिकची आहे ना, हे पाहा. पॉलिकार्बोनेट सहज फुटत नाही.

बदल करण्यापूर्वी कागद

अमेरिकेत हौशी बांधणीच्या विमानाचा मालक दाराची कडी स्वतः बदलू शकतो, पण नोंदवहीत लिहायला हवे, आणि बदल मोठा असेल तर प्रशासनाला कळवायला हवे. ब्रिटनमध्ये अशा बदलासाठी लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनची मंजुरी लागते. भारतात अशी विमाने मोजकीच आहेत. कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून उड्डाणाची परवानगी 2019 मध्ये मिळाली. त्या वाटेने जायचे असेल तर दाराच्या कडीचेही चित्र, साहित्य आणि चाचणीची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर आठवून लिहिलेल्या कागदावर कोणी विश्वास ठेवत नाही.

प्रत्येक उड्डाणापूर्वी

दार बंद करा, मूठ पूर्ण फिरवा, दिवा विझला का पाहा. मग दाराचा मागचा खालचा कोपरा हाताने बाहेर ढकलून पाहा. प्रवाशाने लावलेले दारही पायलटने स्वतः तपासावे. एवढे करूनही हवेत दार उघडलेच, तर पहिले काम विमान उडवणे. आवाज होईल, वारा येईल, कागद उडतील, पण बहुतेक वेळा विमान ताब्यात राहते. पट्टा सोडून दार ओढायला जाऊ नका. वेग सांभाळा, सरळ या आणि नेहमीसारखे उतरा. उघडे दार बंद करण्याच्या नादात विमानाकडे दुर्लक्ष झाले की साधा प्रसंग अपघात होतो.

तेव्हा खरेदीला निघताना यादीत पहिली ओळ दुसऱ्या कडीची लिहा, मुठीचा रंग नंतर ठरवा. आणि विकत घेतलेली प्रत्येक वस्तू बसवल्यावर एकदा आत बसा, डोळे मिटा आणि दार उघडून पाहा. जमले नाही, तर ती मूठ परत करा.