कोंबडीची चोच तुटली तर? घाबरू नका, पण वजन करा



या आठवड्याच्या व्हिडिओत परसातल्या कोंबडीच्या जखमी चोचीवर बोललो होतो. तेच इथे सविस्तर लिहितोय, म्हणजे वेळ आली की मोबाईलवर उघडून बघता येईल. दहा-वीस कोंबड्यांपासून धंदा सुरू करणार असाल, तर हा प्रसंग कधीतरी येणारच.

माझी चूक आधी सांगतो. दुकानामागे मी आठ गावरान कोंबड्या पाळल्या होत्या. त्यातल्या राणीची वरची चोच खुराड्याच्या जाळीत अडकली आणि टोक तुटलं. रक्त थांबवलं, हळद लावली आणि दुसऱ्या दिवशी तिला परत बाकीच्यांत सोडली. दिवसभर ती भांड्यात चोच मारताना दिसायची. मी म्हटलं, खातेय की! चौथ्या दिवशी उचलली तर हाताला नुसती हाडं लागली. ती चोच मारत होती, पण दाणा उचललाच जात नव्हता. चोच मारणं म्हणजे खाणं नव्हे. आजचा सगळा धडा या एका वाक्यात आहे.

आधी चोच समजून घ्या

चोच म्हणजे आत हाड आणि वरून आपल्या नखासारखं कडक आवरण. आवरणाचं अगदी टोक तुटलं तर नखासारखं हळूहळू परत वाढतं, त्याला काही आठवडे लागतात. आतल्या जिवंत भागात रक्तवाहिन्या आणि नसा असतात. तिथपर्यंत जखम गेली की रक्त येतं आणि दुखतंही. हाडच तुटलं असेल, तर तुटलेला भाग पूर्ववत येत नाही.

पहिला अर्धा तास

१. कोंबडीला टॉवेलमध्ये गुंडाळून धरा. पंख दाबले गेले की ती शांत होते. छाती मात्र आवळू नका, तिला श्वास घेता आला पाहिजे.

२. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने काही मिनिटं दाबून धरा. नाही थांबलं तर चिमूटभर कॉर्नफ्लॉर लावून पुन्हा दाबा. नाकपुड्या मोकळ्या ठेवा.

३. रक्त थांबल्यावर मिठाच्या पाण्याने हलक्या हाताने पुसा. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पाऊण चहाचा चमचा मीठ पुरे.

४. लगेच वेगळी ठेवा. रक्ताचा लाल रंग दिसला की बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचतात आणि छोटी जखम मोठी होते. शक्य असेल तर बाकीच्या दिसतील अशा जागी ठेवा, म्हणजे परत सोडताना मारामारी कमी होते.

खरं काम इथून पुढे

बोथट चोचीने सपाट जागेवरचा दाणा उचलता येत नाही. म्हणून खाद्य पाण्यात भिजवून लापशीसारखं करा आणि खोल वाटीत तीन-चार बोटं भरून द्या. म्हणजे तिला चोच बुडवून घास घेता येतो. पाणीही खोल भांड्यात द्या. भिजवलेलं खाद्य उन्हाळ्यात लवकर आंबतं, त्यामुळे थोडं थोडं करा आणि उरलेलं टाकून द्या.

आता दोन तपासण्या, रोज:

- संध्याकाळी गळ्याखाली हात लावा. छातीच्या वर, तिच्या उजव्या बाजूला अन्नाची पिशवी असते. दिवसभर खाल्लं असेल तर ती भरलेली लागते. रिकामी लागली तर ती उपाशी आहे, मग दिसायला कितीही चोच मारू दे.
- सकाळी खाण्याआधी वजन करा. दुकानातला काटा चालतो. वहीत तारीख आणि वजन लिहा. वजन टिकलं किंवा वाढलं, तर गाडी रुळावर आहे.

राणीला असं खाऊ घातल्यावर तिसऱ्या दिवसापासून वजन सावरलं. अंडी मात्र बरेच दिवस बंद होती. ते साहजिक आहे, घाई करू नका.

डॉक्टर कधी?

रक्त थांबत नसेल, चोच मुळाशी हलत असेल, हाड दिसत असेल, वास किंवा पू येत असेल, किंवा दिवसभरात काहीच पोटात जात नसेल, तर घरगुती उपाय बंद. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा १९६२ वर फोन करा. आपल्या घरातली वेदनाशामक गोळी देऊ नका, फेविक्विक स्वतः लावू नका. डॉक्टरांनी औषध दिलं तर अंडी किती दिवस विकायची नाहीत हे तिथेच विचारून घ्या. त्या काळातली अंडी गिऱ्हाईकाला देऊ नका. दोन ट्रे अंड्यांसाठी नाव घालवायचं नसतं.

चोच मुळापासूनच गेली असेल आणि खाता येत नसेल, तर तिला हाल सोसायला ठेवायचं की नाही, हेही डॉक्टरांशीच मोकळेपणाने बोला.

पुन्हा होऊ नये म्हणून

आज संध्याकाळी खुराड्यावरून हात फिरवा. जाळीची सुटलेली टोकं, पत्र्याची धार, चोच अडकेल अशी फट, सगळं दुरुस्त करा. गर्दी कमी करा. खाण्याची भांडी एकाऐवजी दोन ठेवा, म्हणजे टोचाटोची कमी होईल.

आणि जाता जाता धंद्याचं एक. दुकानात दिवसभर गर्दी दिसते, पण रात्री गल्ला मोजल्याशिवाय धंदा झाला की नाही हे कळत नाही. कोंबडीचंही तसंच. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, काट्यावर ठेवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!