फौजदारी वकील लावताय? काय फुकट, काय विकत

वकिलाच्या फीला सरकारी दरपत्रक नाही. एकाच जामीन अर्जाला दोन वकील दोन वेगळे आकडे सांगतात आणि दोघेही नियमात असतात. म्हणून फी विचारण्याआधी, कशाकशाला पैसे पडतच नाहीत हे महाराष्ट्रातल्या पक्षकाराला ठाऊक हवे.

पहिला दिवस

आधी एफआयआरची प्रत मिळवा. तक्रारदाराला ती पोलिस ठाण्यात फुकट मिळते. आरोपीच्या घरच्यांनी पोलिसांच्या संकेतस्थळावर शोधावी. संवेदनशील गुन्हे वगळता ती तिथे टाकावी लागते. कलमे नीट पाहा. 1 जुलै 2024 पासून घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते, त्यामुळे आयपीसीच्या जुन्या आकड्यांवरून अंदाज बांधू नका. गुन्हा जामीनपात्र आहे की अजामीनपात्र, यावर पुढचा बराच खर्च ठरतो.

सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात बऱ्याचदा अटकेऐवजी हजर राहण्याची नोटीस येते. ती टाळू नका. अटक झालीच, तर कारणे लेखी मागा आणि नातेवाइकाला कळवायला सांगा. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावेच लागते, रविवार असला तरी. ‘ठाण्यातच मिटवून देतो’ म्हणत कोणी पैसे मागितले, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक 1064. व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगितले, तर फोन ठेवा आणि 1930 वर कळवा. अशी अटक कायद्यात नाही.

फुकट वकील कोणाला?

महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख रुपये. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका विधी सेवा समितीकडे करा. ही कार्यालये सहसा न्यायालयाच्या आवारातच असतात. फोन 15100. सोबत ओळखपत्र, एफआयआर किंवा नोटीस, आणि लागू असेल तो उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला न्या. लोकअभिरक्षक कार्यालय असलेल्या जिल्ह्यांत फौजदारी बचावासाठीच नेमलेले वकील मिळतात. या वकिलांना वरून एक रुपयाही द्यायचा नाही. मागितला, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे तक्रार करा.

खासगी वकील: फी टप्प्याटप्प्याने ठरवा

‘अख्ख्या केसचे एवढे’ यावर थांबू नका. रिमांडचे किती, जामीन अर्जाचे किती, तो फेटाळला तर सत्र न्यायालयाचे आणि उच्च न्यायालयाचे किती, खटल्याचे किती, असे वेगळे आकडे लिहून घ्या. मग विचारा: तारीख नुसती पुढे ढकलली गेली तरी फी पडणार का? उलटतपासणी तुम्ही घेणार की ज्युनिअर? टायपिंग, झेरॉक्स, कारकून, प्रवास यात धरलेत का? सीनिअर कौन्सेल लावायचे असतील, तर खर्च दुहेरी होतो: त्यांना स्वतः वकीलपत्र दाखल करता येत नाही, सोबत दुसरा वकील लागतोच.

निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. ‘जामीन नक्की मिळवून देतो’ म्हणणाऱ्या वकिलापासून तर लांबच राहा. कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका. सनद क्रमांक मागून घ्या.

हे पैसे देऊ नका

तुम्ही व्यक्ती म्हणून वकील लावला असेल, तर त्याच्या फीवर जीएसटी लागत नाही. बिलात 18 टक्के दिसले की विचारा. न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. दोषारोपपत्राची प्रत आरोपीला विनामूल्य मिळते. पुढची तारीख आणि आदेश ई-कोर्ट्स ॲपवर फुकट दिसतात. केसचा सोळा अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक जपून ठेवा. सही-शिक्क्याच्या नकलेला मात्र शुल्क पडते. ते नक्कल विभागात भरा, कारकुनाच्या हातात नको. एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे. फी बँकेतूनच द्या.

जामिनाचा खर्च

जामीनदार लागला, तर त्याचे ओळखपत्र, रेशनकार्ड, पगारपत्रक, घरपट्टीची पावती किंवा सातबारा तयार ठेवा. काही ठिकाणी तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला मागतात. जामीनदार मिळायला वेळ लागणार असेल, तर तोवर रोख जामिनाची परवानगी मागा. ती रक्कम फी नव्हे, अनामत आहे. अटी पाळल्या तर खटल्यानंतर परत मिळते, म्हणून पावती तुमच्या नावाची घ्या. कोर्टाबाहेरचा ‘तयार जामीनदार’ घेऊ नका: कागद बनावट निघाले, तर जामीन जातो आणि नवा गुन्हा लागतो. वकिलाला स्वतःच्या पक्षकाराचा जामीनदार होता येत नाही. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही, तर गरीब आरोपीला जातमुचलक्यावर सोडावे लागते.

किती दिवस?

पोलिस कोठडी (पीसीआर) असो वा न्यायालयीन कोठडी (एमसीआर), दिवस मोजत राहा. पहिल्या रिमांडपासून 60 दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे अथवा अधिक कैदेच्या गुन्ह्यांत 90 दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर जामीन हा हक्क ठरतो. पण अर्ज दोषारोपपत्र येण्याआधीच करावा लागतो. विशेष कायद्यांत ही मुदत वेगळी असू शकते. खटल्याला किती वर्षे लागतील, याचा पक्का आकडा देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

वकिलाशी बिनसले तर

वकील बदलता येतो. फी थकली म्हणून जुन्या वकिलाला तुमची फाइल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्येच स्पष्ट केले आहे. ग्राहक आयोगात मात्र जाऊ नका. त्याच न्यायालयाच्या मे 2024 च्या निकालानुसार वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. गैरवर्तनाची लेखी तक्रार बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे करा. तिला वकीलपत्राची प्रत, फीची पावती आणि झालेले मेसेज जोडा. हे कागद पहिल्या दिवसापासून जमवले असतील, तरच तक्रारीला वजन येते.