बन्नीचे मालधारी : गवत, पाणी आणि गुरे

कच्छच्या मोठ्या रणाच्या दक्षिण कडेला, भूज शहराच्या उत्तरेस, सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचा सपाट गवताळ पट्टा पसरलेला आहे. त्याला बन्नी म्हणतात. वर्षाकाठी जेमतेम ३०० ते ३५० मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. मातीत क्षार, भूगर्भात खारे पाणी आणि उन्हाळ्यात अंग भाजून काढणारा उष्मा. शेतीला येथे फारसा वाव नाही. तरीही या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या भरभराटीचे पशुपालन होत आले आहे. ते करणारे लोक म्हणजे मालधारी. ‘माल’ म्हणजे जनावरे आणि ती बाळगणारा तो मालधारी. हे एखाद्या जातीचे नव्हे, तर व्यवसायाचे नाव होय. जत, मुतवा, हालेपोत्रा आदी अनेक समाज त्यात मोडतात.

भटकंतीमागचा हिशेब

दूरस्थ पाहणाऱ्यास गुरे घेऊन हिंडणारा माणूस दिशाहीन वाटतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. रणाच्या कडेला पाऊस सर्वत्र सारखा पडत नाही. एका बाजूला सर येते, तर दुसरी बाजू कोरडीच राहते. ज्या बाजूला गवत उगवले तिकडे कळप न्यावयाचा आणि चरलेल्या कुरणाला बी धरण्यास उसंत द्यावयाची, हा या फिरतीचा साधा नियम आहे. अवर्षणाच्या वर्षी कळप बन्नीबाहेर जात. १९४७ पूर्वी त्यांची एक वाट सिंधकडेही जात असे. देशाच्या फाळणीनंतर तिथे सरहद्द उभी राहिली आणि संकटकाळातील एक आसरा कायमचा तुटला.

गुरांनीही या हवामानाशी जुळवून घेतले आहे. बन्नीची म्हैस सायंकाळी चरावयास निघते, उन्हाचा ताप टाळून रात्रभर चरते आणि पहाटे दूध देण्यासाठी आपण होऊन वस्तीवर परतते. मालधाऱ्यांनी निवडीने घडविलेल्या या म्हशीला २०१० साली स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली. पशुपालकांच्या परंपरागत ज्ञानाची ही रीतसर पावती होय.

विरडा : खाऱ्या भूमीतील गोडे पाणी

पाण्याच्या बाबतीतले त्यांचे कौशल्य तर विलक्षण आहे. पावसाचे पाणी सखल भागात साचून जमिनीत मुरते. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने ते खालच्या खाऱ्या थरावर तरंगत राहते. मालधारी नेमक्या अशा जागी उथळ खड्डा खणतात आणि त्याच्या कडा लाकडांनी व गवताने बांधून काढतात. हाच विरडा. आपल्याकडे नदीच्या वाळूत काढलेल्या झिऱ्याची येथे आठवण व्हावी. मात्र विरड्यातून उपसा बेताचाच करावा लागतो. हाव धरून उपसले, तर गोडा थर संपतो आणि खारे पाणी वर चढते. संयम हा येथे उपदेशाचा विषय नसून जगण्याची अट आहे.

एका वृक्षाची कथा

रणाची आगेकूच थोपविण्याच्या हेतूने १९६१ च्या सुमारास बन्नीच्या सुमारे ३१ हजार हेक्टरांवर विलायती बाभळीची लागवड करण्यात आली. महाराष्ट्राच्या अवर्षणग्रस्त भागातही ही काटेरी बाभूळ परिचित आहे. हेतू चांगला होता. परिणाम मात्र निराळा झाला. गुरे तिच्या गोड शेंगा खातात आणि शेणावाटे बी दूरवर पसरते. झाडाने गवताची जागा व्यापली. शेंगा अधिक खाण्यात आल्याने गाई आजारी पडू लागल्या. एकेकाळी कांकरेज गाईंसाठी ख्यात असलेल्या या भागात गाई घटल्या आणि म्हशी वाढल्या. त्यातच दक्षिणेच्या डोंगरांतून येणाऱ्या नद्यांवर बंधारे झाले. जमिनीतील क्षार धुऊन नेणारे गोडे पाणी त्यामुळे कमी झाले.

तथापि हा प्रश्न एकेरी नाही. याच बाभळीच्या लाकडाचा कोळसा पाडून अनेक कुटुंबांची चूल पेटते. झाड काढावे तर रोख मिळकत जाते, ठेवावे तर कुरण जाते. शिवाय मोकळ्या झालेल्या जमिनीवर नांगर चालवून कुंपण घालण्याचे प्रकारही घडले. सामाईक चराईची जमीन अशी तुकड्यातुकड्यांनी अडली, तर कळपाची फिरती थांबते. फिरती थांबली की मालधाऱ्याची सारी व्यवस्थाच कोसळते.

हक्क आणि जबाबदारी

बन्नी १९५५ पासून संरक्षित वन म्हणून घोषित आहे. पण तिच्यावर जगणाऱ्यांच्या चराई हक्कांचा निर्णय दीर्घकाळ लोंबकळत राहिला. वनहक्क कायदा, २००६ नुसार सामूहिक वनहक्कांसाठी तेथील ग्रामसभांनी दावे दाखल केले. मालधाऱ्यांच्या संघटनेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. २०२१ साली बन्नीतील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश न्यायाधिकरणाने दिला.

बन्नीचा धडा सर्वच कोरड्या प्रदेशांना लागू पडतो. गवताळ भूमी म्हणजे झाडे लावण्याची वाट पाहत पडलेले ओसाड रान नव्हे. ती स्वतः एक परिपूर्ण सृष्टी आहे आणि तिचा जाणकार तिच्यावर गुरे चारणाराच आहे. आपल्या माणदेशातील मेंढपाळ धनगरांनाही हे सांगावे लागणार नाही. विकासाची योजना आखताना जमिनीचा नकाशा जसा पुढ्यात असावा, तशी कळपाची वाटही ध्यानात असावी. मग रणाच्या कडेवरही दुधाची धार आटणार नाही.